रॉकीजमध्ये माझ्या नावाचं खोकं

गेल्या आठवड्यात रॉकीजमध्ये एका लॉजच्या पायरीवर बसून मी माझ्या नावाचं खोकं उघडलं... आणि आतलं काहीच माझं नव्हतं.

यंदा कॅनडाला दीडशे वर्षं झाली म्हणून नॅशनल पार्कचा पास फुकट. मी लांब रजा टाकली आणि एकटीच मोठ्या हाइकला निघाले. एवढ्या दिवसांचं खाणं पाठीवर मावत नाही, म्हणून ते वाटेतल्या लॉजवर आधीच पोस्टाने पाठवायचं आणि पोचलं की उचलायचं. माझं खोकं मी भरून ठेवलं होतं, समीरने, म्हणजे नवऱ्याने, कॅल्गरीहून पोस्ट केलं होतं.

पण आत ओट्स नाहीत, पीनट बटर नाही. भाजणी, मेतकूट, आलेपाक, गुडघ्याचा पट्टा... आणि गोळ्या. माझे बाबा घेतात त्याच, रक्त पातळ करणाऱ्या.

समीरला काही झालंय का? मला न सांगता? पण मग गोळ्या मला कशाला पाठवल्या? आणि भाजणी त्याला कुठे मिळाली? फोनला नेटवर्क नाही... डोकंच चालेना.

आत जाऊन लॉजच्या मालकीणबाईंना विचारलं, तर त्याच गोंधळल्या. "पण दुसरं खोकं तुझे डॅड सकाळी घेऊन गेले ना?"

माझे बाबा नागपुरात असतात. कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा रिक्षाने जातात!

मग लेबल नीट वाचलं. एस. कुलकर्णी... पण पाठवणाऱ्याचा पत्ता कॅल्गरीचा नाही, सरे नावाच्या दुसऱ्याच शहराचा. मी स्नेहा, हे कोणी दुसरेच एस. माझं खाणं घेऊन ते पुढे गेले होते, आणि त्यांच्या गोळ्या माझ्या हातात.

बाईंनी लॉजच्या वायरलेसवरून पार्कच्या ऑफिसला कळवलं. मी खोकं पाठीला बांधलं आणि निघाले.

या जंगलात अस्वलं दूर राहावीत म्हणून लोक मोठ्याने ओरडत चालतात. मी ओरडत होते, "कुलकर्णीऽऽ!" स्वतःलाच शोधत असल्यासारखं वाटत होतं. समोरून आलेलं एक जोडपं चांगलंच दचकलं...

दुपार कलली तेव्हा वळणापलीकडून ओ आली. "कोण आहे?" चक्क मराठीत.

ओढ्याकाठी एका ओंडक्यावर पांढऱ्या केसांचे एक काका बसले होते. लॉजकडे परत निघाले होते, पण चेहरा पार उतरलेला. शेजारी माझं खोकं उघडं पडलं होतं.

मी म्हटलं, "काका, तुमच्या गोळ्या. आपली खोकी बदललीत. मी पण एस. कुलकर्णी."

त्यांनी उघड्या खोक्यावर हात ठेवला. "म्हणजे हे तुझं?"

"हो."

"मी भरलंच नव्हतं ना हे?"

"नाही हो काका. मी भरलंय."

त्यांनी डोळे मिटले. मग हळू आवाजात म्हणाले, "सकाळी घाईत न उघडताच निघालो. जेवायला बसलो, उघडलं, तर सगळं परकं. माझं खोकं मी स्वतः भरलं होतं गं... मला वाटलं, आता डोकं जायला लागलं. माझ्या मोठ्या भावाचं असंच सुरू झालं होतं."

गोळ्यांकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मला मात्र तेवढीच काळजी होती... या माणसाच्या मनात दुपारभर काय चाललं असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

मग त्यांनी स्वतःचं खोकं पुढ्यात घेतलं. एकेक पुडी काढायची, न उघडता आत काय आहे ते सांगायचं, आणि मग सोडून बघायचं. भाजणी... बरोबर. खोबऱ्याची चटणी... बरोबर. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून हसायचे.

पुढचा कॅम्प अजून लांब होता आणि ऊन उतरत होतं. पण त्यांची शेवटची पुडी सोडून होईपर्यंत मी अजिबात घाई केली नाही... आणि केली नाही, याचं मला फार समाधान आहे.