मागच्या खोलीतले केस

उमाकांत सबनीस यांनी पस्तीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांची तपासणी केली. जळालेली गोदामं, दरीत गेलेले ट्रक, ओलसर झालेले कापसाचे गठ्ठे यांच्यामध्ये उभं राहून ते शांतपणे एकच प्रश्न विचारत, "हे नेमकं झालं कसं?" आणि उत्तर मिळाल्याशिवाय तिथून हलत नसत. हाताखालच्या नव्या लोकांना सांगत, "कारण सापडत नाही असं काही नसतं. बघणारा कंटाळतो, एवढंच."

मूळचे ते सांगलीचे. बदल्या होत होत जयपूरला आले आणि इथलेच होऊन गेले. पत्नी सुमित्रा वारल्यावर वर्षभरात त्यांनी जुनं घर सोडलं आणि मालवीय नगरात तळमजल्यावरचं एक छोटं घर विकत घेतलं. घर अरुण माथुर नावाच्या गृहस्थांचं होतं. ते आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन मागच्याच गल्लीतल्या नव्या इमारतीत राहायला गेले. या घरात सुमित्राबाईंनी कधी पाऊलही टाकलं नव्हतं. उमाकांतरावांना तेच हवं होतं. कुठलीही भिंत, कुठलाही कोपरा त्यांना काही आठवून देणार नव्हता.

मुलगी कीर्ती बेंगळुरूला नोकरीला. तिनं वडिलांना बिनवायरचा, उभ्या दांड्याचा व्हॅक्यूम पाठवला. "बाबा, मतलब आता वाकून झाडू मारायचा नाही. डॉक्टरांनी नको म्हटलंय ना?" कपाळाला आठ्या घालूनच त्यांनी खोकं उघडलं, पण महिन्याभरात त्या यंत्राचा त्यांना लळा लागला. जयपूरची धूळ म्हणजे पिठासारखी. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटानं नाव लिहावं. तिच्याशी दोन हात करायला त्यांना भरवशाचा साथीदार मिळाला.

यंत्राची निगा राखायचा त्यांचा दिवस रविवार. सकाळी चहा झाला की ते अंगणात वर्तमानपत्र पसरत. आधी कचऱ्याचा डबा रिकामा करायचा, आतली जाळी कोरड्या ब्रशनं झटकायची. मग फिल्टर नळाखाली धुवायचा, साबण न लावता, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. तो सावलीत पूर्ण दिवस वाळायलाच हवा. ओला बसवला तर मोटर जाते आणि वासही येतो. नळीत टॉर्च मारून काही अडकलंय का ते पाहायचं. शेवटी पुढचा गोल ब्रश, म्हणजे रोलर, रुपयाच्या नाण्यानं खिट्टी फिरवून बाहेर काढायचा आणि त्याला गुंडाळलेले दोरे कात्रीनं कापायचे.

होळी झाल्यावरच्या एका रविवारी त्यांनी रोलर काढला आणि हात थांबला. त्याला केस गुंडाळले होते. काळेभोर, जाड आणि लांब. एक त्यांनी हलक्या हातानं सोडवून पाहिला, तो कोपरापासून बोटांच्या टोकाच्याही पुढे गेला.

उमाकांतरावांचं डोकं पंधरा वर्षांपासून तुळतुळीत होतं. भांडी घासायला येणारी सलोनी तेवढी घरात येई, पण तिचे केस तांबूस, कुरळे आणि जेमतेम मानेपर्यंत. ती स्वयंपाकघराच्या पलीकडे पाऊलही टाकत नसे.

आले असतील वाऱ्यानं, असं म्हणून त्यांनी केस कचऱ्यात टाकले.

पुढच्या रविवारी पुन्हा केस. त्याच्या पुढच्याही.

मग मात्र त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. त्यांनी रोलर अगदी लख्ख केला, एक दिवस फक्त पुढची खोली झाडली आणि उघडून पाहिलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर. काही नाही. तिसऱ्या दिवशी मागची खोली झाडली. ही खोली रिकामीच असे. एक पलंग, एक खुर्ची, मागच्या चौकाकडे उघडणारी खिडकी आणि तिच्या बाजूला मागचं दार. रोलर काढला तर खिडकीखालच्या एवढ्याशा जागेतले सात केस त्याला चिकटले होते.

"सलोनी, मागच्या खोलीत तू जातेस का?" त्यांनी विचारलं.

ती भांडं विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "नहीं अंकलजी. उस कमरे से तेल की खुशबू आती है. आवळ्याच्या तेलाची. मला वाटलं तुम्ही लावता."

टकलावरून हात फिरवत उमाकांतराव मागच्या खोलीत जाऊन उभे राहिले. खरंच वास होता. अगदी पुसट, जणू कोणी नुकतंच उठून गेलंय.

सुमित्राबाई आवळ्याचंच तेल लावत. गेल्या तेव्हा त्यांचे केस पांढरे आणि आखूड होते, आजारपणात कापलेले. पण लग्न होऊन आल्या तेव्हा वेणी कमरेखाली होती. उमाकांतरावांनी रोलरवरचा एक केस खिडकीच्या उजेडात धरला. हे जर तिचे असतील, तर जी गेली तिचे नव्हते. जी लग्न करून आली होती, तिचे होते.

हा विचार त्यांनी कोणाला सांगितला नाही. स्वतःलाही धड सांगितला नाही. पण त्या दिवसापासून केस कचऱ्यात जायचे थांबले. एका जुन्या लिफाफ्यात ते जपून ठेवले जाऊ लागले.

तपास त्यांनी सोडला नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते एक ते पेन्शनरांच्या मंडळात जात. तेवढाच वेळ घर रिकामं. जाताना त्यांनी पुढच्या दाराला खाली बारीक दोरा लावला. परत आले तेव्हा दोरा जसाच्या तसा. तरी खिडकीखाली नवे केस होते आणि खुर्ची वीतभर सरकलेली होती. हळूहळू त्यांना एक सवय लागली. मंडळातून घरी आले की आधी मागच्या खोलीच्या दाराशी थांबायचं, थोडं खाकरायचं, मगच आत जायचं. जणू आत कोणी आवरत असेल तर तिला वेळ मिळावा.

मेच्या मध्यावर दोन दिवस आंधी चालली. आकाश पिवळं झालं, घरभर धुळीचा थर बसला. शुक्रवारी सकाळी उमाकांतराव झाडायला लागले आणि मागच्या खोलीत येताच यंत्र घरघरून बंद पडलं. लाल दिवा लागला. डबा, फिल्टर, नळी, सगळं पाहून झालं, रोलर फिरेना. मंडळाचा वेळ होत आला होता, पण यंत्र बंद ठेवणं त्यांना जमेना. ते पिशवीत घालून ऑटोनं झोटवाड्याला गेले. तिथे बाजारात देवराम नावाचा कारागीर असली यंत्रं दुरुस्त करत असे.

देवरामनं रोलरच्या टोकाचं झाकण पेचकसानं उचकटलं. आत, जिथे कात्री पोहोचत नाही तिथे, केसांचं घट्ट वेटोळं बसलं होतं. चिमट्यानं तो ते ओढू लागला. ओढत राहिला. शेवटी केस टेबलाच्या कडेवरून खाली लोंबू लागले.

"घर में बेटी है, साहब?" त्यानं विचारलं.

"नाही. मी एकटाच असतो."

देवरामनं वर पाहिलं. मग केस दिव्याखाली धरले. "एकाच बाईचे आहेत सगळे. आणि तुटलेले नाहीत हो. बघा, एक टोक कात्रीनं कापल्यासारखं साफ आहे. मुळाची गाठ एकालाही नाही." त्यानं चिमटा खाली ठेवला आणि हात फडक्याला पुसले, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ. यंत्र दहा मिनिटांत चालू झालं. उमाकांतरावांनी ते वेटोळं कागदात बांधून मागितलं, तेव्हा देवरामनं काही न विचारता बांधून दिलं.

ते घरी पोहोचले तेव्हा साडेबारा झाले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कुलूप काढून आत पाऊल टाकलं आणि त्यांना आवाज ऐकू आला.

सर्र. थोडं थांबून पुन्हा, सर्र.

दाट केसांतून फणी फिरते, तो आवाज. चाळीस वर्षं रोज सकाळी त्यांनी तो ऐकला होता. या वेळी ते खाकरले नाहीत. पिशवी भिंतीला टेकवून ठेवली आणि भिंतीला हात लावत लावत मागच्या खोलीपर्यंत गेले.

खिडकीशी खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. पाठमोरी. पदर खाली घसरलेला, डोकं बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांचं. तिच्या मांडीवर पिवळी ओढणी पसरली होती आणि ओढणीवर लांब, काळीभोर, सोडलेली वेणी. नुसती वेणी. पलीकडे कोणी नाही. म्हातारी फणी तेलात बुडवून वरपासून टोकापर्यंत नेत होती आणि गुंता आला की हळू आवाजात कोणाला तरी समजावत होती, "बस, बस, हो गया. हिलो मत."

उमाकांतराव दाराशीच उभे राहिले. तिनंच मागे वळून पाहिलं. दचकली नाही.

"आ गए? चप्पल बाहर उतारिए. फर्श अभी साफ है."

त्यांनी चपला काढल्या. मग चाचरत विचारलं, "आप... कोण आपण?"

"हिमानीची आई," ती हिंदीत म्हणाली, सगळ्यांना ठाऊकच असल्यासारखी. "ही तिची खोली. नव्या घरात तिला करमत नाही. मंगळवारी-शुक्रवारी आम्ही येतो." आणि वेणीचं टोक त्यांच्यापुढे धरलं. "जरा पकडिए. कसके. माझ्या बोटांत आता जोर नाही."

उमाकांतरावांनी ते टोक धरलं. उन्हात असल्यानं केस कोमट होते, माणसाच्या अंगाइतके. म्हातारीनं तीन पेड घातले आणि वेणी घालत घालत त्यांच्या बोटांपर्यंत आली.

अरुण माथुर आईला शोधत धावत आले ते तासाभरानं, घामाघूम. माफी मागता मागता त्यांनी सगळं सांगितलं. हिमानी त्यांची धाकटी बहीण. एकोणिसाव्या वर्षी मेंदूज्वरानं गेली, याच घरातून दवाखान्यात नेलं होतं. ऑपरेशनच्या आधी केस कापले, ते आईनं मागून घेतले. तेवीस वर्षं जपले. हल्ली आईला काळवेळाचं भान राहत नाही. मागच्या दाराची तिसरी चावी तिच्याकडे आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"तुम्ही बाहेर पडलेले तिला गॅलरीतून दिसत असणार," ते म्हणाले. "चावी मी काढून घेतो. कुलूपही बदलून देतो, अंकलजी."

"नको," उमाकांतराव म्हणाले. "चावी त्यांच्याकडेच असू द्या."

ते आईला घेऊन गेल्यावर उमाकांतराव पलंगावर बसले. कारण सापडलं होतं. नेहमी अशा वेळी त्यांना हलकं वाटे. आज तसं वाटेना. काहीतरी हातातून पुन्हा एकदा काढून घेतल्यासारखं झालं. आणि एक गोष्ट त्यांना स्वच्छ दिसली. एवढा जुना तपासनीस, पुढच्या दाराला दोरा लावला आणि मागच्या दाराला लावला नाही. तो का लावला नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी कीर्तीला फोन केला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा आपण होऊन तिच्या आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलले. कीर्ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "बाबा, तुम्ही रडताय का?" ते म्हणाले, "हो."

म्हातारी पुढेही येत राहिली. मंगळवार-शुक्रवार उमाकांतरावांनी मंडळ सोडलं. ते टोक धरत, ती वेणी घाले. ती हिमानीशी बोले, मध्येच थांबे, उत्तर ऐके आणि हसे. उमाकांतराव त्या रिकाम्या जागेकडे पाहायचं टाळत. एकदा ती त्यांना म्हणाली, "ती विचारते, तुमच्याबरोबर दाराशी उभ्या राहतात त्या कोण? आत का येत नाहीत?" त्यांच्या हातातलं टोक सुटलं. सुमित्राबाईंबद्दल त्यांनी या घरात कोणालाही काही सांगितलं नव्हतं. त्यांनी दाराकडे वळून पाहिलं नाही. टोक पुन्हा उचललं आणि घट्ट धरलं.

भादव्यात अरुणजींची उदयपूरला बदली झाली आणि ते आईला घेऊन गेले. निघताना ती गाडीतून उतरून परत आली, पिवळी ओढणी छातीशी धरून. "खिडकी उघडी ठेवा," ती म्हणाली. "ही काही यायला तयार नाही. मी फक्त केस घेऊन चाललेय."

दिवाळीला कीर्ती आली. मागच्या खोलीतच उतरली. दुपारी वारा सुटला तसा तिनं आतून आवाज दिला, "बाबा, खिडकी लावून घेऊ? सगळी धूळ आत येतेय."

उमाकांतराव बाहेर फराळाच्या ताटल्या मांडत होते. "राहू दे," ते म्हणाले. "आज शुक्रवार आहे."