घोषणेची भिंत

परळच्या टेकडीच्या पायथ्याशी आमचं बैठं घर होतं. मागच्या अंगणात एक जुनी दगडी भिंत होती आणि तिच्या आधारावर वरच्या घराचं परस उभं होतं. वर एक किरिस्तांव विधवा बाई कोंबड्या पाळून राहायच्या. भिंतीचं पोट सुटलं होतं, हे आम्हां सगळ्यांना दिसत होतं. माझ्या धाकट्या काकांना मात्र त्या भिंतीत फक्त लिहायला जागा दिसली.

काका संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत होते, म्हणजे सभेला जायचे आणि घरी येऊन तीच भाषणं आम्हांला ऐकवायचे. तुरुंगात जाणारे, लाठ्या खाणारे आमच्या वाडीत होते, पण ते फारसं बोलत नसत. काकांनी भिंतीला गिलावा केला आणि वर मोठ्या अक्षरांत मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे अशी मागणी रंगवली. भिंतीच्या तळाला पाणी निघायला भोकं होती. त्यांतून गढूळ पाणी ओघळून अक्षरं खराब व्हायची, म्हणून त्यांनी ती सिमेंटनं बुजवून टाकली.

आईनं विचारलं, "भावोजी, वरचं पाणी जाणार कुठून?"

"वहिनी, इथं राज्याचा प्रश्न आहे आणि तुम्हांला गटाराचं पडलंय."

वडील पेपर वाचत बसले. धाकट्या भावापुढे त्यांचं तोंड कधी उघडत नसे. मिलमधल्या जॉबरपुढे, म्हणजे मुकादमापुढेही नसे.

श्रावणात एका दुपारी भिंत कोसळली. आई धुणं आटोपून नुकतीच आत आली होती. धुण्याचा दगड चिखलाखाली गेला. वरच्या बाईंचं खुराडं आमच्या अंगणात आलं आणि पाठोपाठ त्या स्वतः कोंबड्या शोधत आल्या. काका शिवाजी पार्कवरून परतले ते थेट ढिगाऱ्यावर चढले आणि जमलेल्या वाडीला सांगू लागले, की पोलिसांच्या गाड्यांच्या हादऱ्यानं भिंत पडली. आमच्या गल्लीत हातगाडीसुद्धा धड वळत नसे. तरी माणसांनी माना डोलावल्या. एकानं तर टाळी वाजवली.

दुरुस्ती आईनं आणि त्या बाईंनीच ठरवली. गवंडी आणला, पडलेलेच दगड धुऊन वापरले, मागे खडी भरली आणि भोकं ठेवली. काका खुर्ची टाकून देखरेख करत होते, म्हणजे चहा पीत होते. काम संपलं त्या दिवशी ते रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन आले. आई भिंतीपुढे उभी राहिली.

"लिहायचंच असेल तर तुमच्या सदऱ्यावर लिहा. भिंतीला हात लावायचा नाही."

वडिलांनी पेपरामागून खाकरल्यासारखं केलं. तेवढाच त्यांचा पाठिंबा. तो कुणाला, हे आम्हांला कळलं नाही.

काका चप्पल पायांत सरकवून निघून गेले. जाताना म्हणाले, की या घरात महाराष्ट्राला जागा नाही. जेवायलाही आले नाहीत. आईनं त्यांचं ताट झाकून ठेवलं नाही.