न्हाणीघरातला नळ

काल मिक्सर जळाला आणि करपलेल्या वायरीच्या वासाने आमचा न्हाणीघरातला नळ आठवला. मुलाची पहिली बायको काविळीने गेली. दुसरी येऊन महिना झाला नाही तोच पिशवी भरून उभी राहिली. "आत्या, नळाला हात लावला की ती पहिली चिमटा काढती. मी माहेरी मैंदर्गीला जाती." मी आणि मुलगा अंगणातल्या हौदावर अंघोळ करायचो, आम्हाला काय कळणार? माझा भाचा बँकेत कारकून, सुट्टीच्या दिवशी भुतं शोधायचा. भर दुपारी तो भूत जवळ असलं की वाजणारं मीटर आणि मंत्रांचं एक जाड पुस्तक घेऊन आला. नळाजवळ मीटर किंचाळायला लागलं. "मावशी, हाय की हितं!" म्हणत तो घाईने पुस्तक चाळू लागला. मला वायर करपल्याचा वास आला, मी जाऊन मेन स्विच बंद केला. मीटर गप्प. "बटनानं जातंय व्हय रे तुजं भूत?" मग बोलावलेल्या वायरमनने गिझरमागची, नळाच्या पाइपाला टेकलेली सोललेली वायर दाखवली. सून हसत सुटली. मला हसू आलं नाही. पहिलीही नळाला हात लावायला नको म्हणायची आणि कामाचा कंटाळा म्हणून मी तिला झापायचे. सुनेला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग तिचा फोटू ट्रंकेत कशाला ठेवलाय? लावा की." तो अजून लावलेला आहे, न्हाणीघराच्या दारासमोर.