गाभाऱ्याचं बुटकं दार

मुलगा कंपनीत परमनंट झाला तर श्रावणभर महादेवाचं देऊळ झाडीन, असा नवस मी बोलले होते. तो परमनंट झाला, श्रावण सरला, माझं झाडणं काही सुटलं नाही. आणि रोज देवळात गेलं की केरापेक्षा किस्सेच जास्त साचतात!

आमचं गाव चाकणजवळ, कंपन्यांच्या शेडमध्ये अडकलेलं. देऊळ मात्र जुनं, काळ्या दगडाचं. जमिनी विकल्या गेल्या आणि गावाला जीर्णोद्धाराचं वेड लागलं. कमिटीचे अध्यक्ष तात्या. माणूस भाविक, पण नुसता दगड दिसला की त्यांना देव गरीब वाटतो! आपलं देऊळ ओळखू तरी येईल ना, या काळजीनं माझा जीव टांगणीला.

*

खांबांवर दगडी नर्तकी कोरल्यात. पेंटरनं सगळ्यांना पोपटी ब्लाउज रंगवले!

"तात्या, हे काय?"

"वहिनी, फॅमिली येती देवळात!"

शेजारच्या हिराकाकू म्हणाल्या, "मग नंदीलाबी प्यांट घाला की!"

*

एका पाहुण्यानं विचारलं, "देऊळ किती जुनं?"

तात्या म्हणाले, "पांडवांनी एका रात्रीत बांधलंय."

"मग रंगवायलाच तुम्हाला वर्ष कसं लागलं हो?"

*

सभामंडपात चकचकीत टाइल्स बसल्या. पहिल्याच सोमवारी अभिषेकाचं पाणी सांडलं आणि तात्या घसरत थेट नंदीपुढे!

हिराकाकू हात जोडून म्हणाल्या, "आजवरच्या अध्यक्षांत लोटांगण घालणारे ह्येच पयले!"

*

राहिलं गाभाऱ्याचं बुटकं दार. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. तात्या वाकत नाहीत, म्हणून कपाळ आपटतं. त्यांनी ठरवलं, चौकट फोडून दार उंच करायचं!

आमच्याकडे रीत आहे. नवस बोलून चौकटीला नारळ बांधला, की नवस पुरा होईपर्यंत चौकटीला हात लावायचा नाही. ब्रेकरवाला यायच्या आत मी आणि हिराकाकूंनी लाल फडक्यात नारळ बांधला.

तात्या आले, थबकले. रीत मोडायची त्यांची छाती नव्हती. हळूच म्हणाले, "वहिनी, मागितलंय काय? लवकर होण्यासारखं असेल तर थांबतो."

"फार नाही हो तात्या. चाकणच्या चौकात वर्षानुवर्षं तुंबलेलं ट्रॅफिक कायमचं सुटू दे, एवढंच."

तात्यांनी नारळाकडे पाहिलं. मग ब्रेकरवाल्याला म्हणाले, "भावा, मशीन गाडीत टाक."

बायांनो, तुमच्या गावात असं देऊळ असेल तर तुम्हीही एक नारळ बांधा. मागणं मात्र सगळ्यांच्या भल्याचं असू द्या.