मानेजवळचा तुकडा

तलासरीजवळच्या एका पाड्यावर विहीर खणताना काळ्या खडकाखाली राखाडी मातीचा थर लागला आणि त्यात हाडासारखे चपटे तुकडे निघाले. मी तेव्हा डहाणूच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होतो. कळल्यावर गेलो. शेत ज्यांचं, त्या मावशींनी तुकडे धुऊन सुपात वाळत घातले होते. मी फोनवर सुपाचा फोटो काढला. कासवाच्या कवचाचे तुकडे होते, लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेले. सगळे पिशवीत भरले, एक तेवढा परत दिला.

“हा नको?” मावशींनी विचारलं.

“हा नुसता दगड आहे.”

खरं तर मी तो नीट पाहिलाच नव्हता. मला परतीची गाडी गाठायची होती.

पुढची तीन वर्षं तुकडे जुळवण्यात गेली. कवचावरच्या खाचा माहीत असलेल्या कुठल्याच जातीशी जुळेनात. पुण्याच्या एका जाणकार बाईंनी सगळं तपासलं. जात नवी वाटते, पण मानेजवळचा तुकडा मिळाला तरच ठामपणे सांगता येईल, असं त्या म्हणाल्या. मी जुना फोटो मोठा करून पाहिला. सुपाच्या कडेला तोच तुकडा पडला होता, मी दगड म्हणून परत दिलेला. खाचा पुसट दिसत होत्या, मोजता येत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पाडा गाठला. मावशी आदल्या वर्षी तापाने गेल्या होत्या. सुनेने मला न्हाणीपाशी नेलं. मावशींनी तो तुकडा दगडावर घासून हातात बसेल असा केला होता आणि रोज त्याने टाचा घासत. खाचांचा मागमूस उरला नव्हता.

“सासू सांगायची, सरांनी दिलाय, टाकू नको,” सून म्हणाली. मग तिने विचारलं, “कामाचा होता का?”

मी नाही म्हणालो. तरी तिने तो कागदात बांधून दिला.

शोधनिबंध छापून आला. नवी जात मानली गेली, पण नावापुढे शंकेची खूण राहिली. आकृतीत मानेजवळ ठिपक्यांची रेघ आहे. कॉलेजात पेढे वाटले, सहकाऱ्यांनी हार घातला. निबंधाची एक प्रत सुनेसाठी वेगळी काढली होती. ती न्यायला मला अजून धीर झालेला नाही.