बारा बंदांचे मावसाजी

अख्ख्या वाशिम जिल्ह्यात माणसाच्या तोंडाआधी त्याची बटणं पाहणारा एकच गृहस्थ आहे, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. मावसाजी एसटीत कंडक्टर होते. कारंजा-मानोरा रस्त्यावर जन्मभर तिकिटं फाडली, पण मन रमलं ते तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या अंगरख्यांत. अंगरख्याचे बंद कुठल्या बाजूला बांधायचे, त्यांच्या टोकांना गोंडे कसे लावायचे, कापडाचीच गाठ वळून गुंडी कशी करायची, हे सगळं त्यांना तोंडपाठ. जुन्या चित्रांच्या रंगीत झेरॉक्स काढून ते भिंग लावून बसत. चित्रातला राजा शिकार करतोय की प्रेमात पडलाय, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. "पाह्य," ते मला सांगत, "सहा जोड्या, बारा बंद. म्हनून बाराबंदी!"

एकदा मानोऱ्याच्या गाडीत तांड्यावरची एक म्हातारी बसली होती. तिच्या ओढणीच्या कडेला कवड्या आणि लोकरीचे गोंडे. मावसाजी तिकीट द्यायचं सोडून तिच्याशेजारी टेकले आणि कवड्या कशा ओवतात, गोंडा कसा कापतात, हे विचारत राहिले. म्हातारीही रंगात आली. दोन थांबे मागे पडल्यावर तीच दचकून म्हणाली, "अरे बापा, घंटी वाजव ना! माहा तांडा गेला!" टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिका तर मावशी त्यांना पाहूच देत नसे. एका भागात सरदार रणांगणात प्राण सोडत होता, घरातली बायामाणसं पदरानं डोळे पुसत होती, आणि मावसाजी टीव्हीला नाक लावून ओरडले, "अरे, याच्या छातीवर प्लास्टिकचं बटन हाय!"

माझ्या लग्नात मात्र या वेडानंच माझी अब्रू राखली. मंगरूळपीरला कार्यालय घेतलं होतं. माझी शेरवानी भाड्याची, समोर सोनेरी गुंड्यांची झोकदार रांग. सकाळीच मावसाजींनी ती चाचपून निकाल दिला, "या गुंड्या खोट्या हायेत. आतून चेन हाये." मी हसून सोडून दिलं. लग्नाची वेळ झाली, मी आरशासमोर उभा राहून चेन वर ओढली, आणि ती तुटून हातातच आली. शेरवानी कपाटाच्या दारांसारखी उघडली. आत बनियन. मावशीनं पिना लावल्या, मी श्वास घेतला, पिना उडाल्या. बाहेर नवरीचे मामा दार ठोठावत होते, "जावईबापू, लोकं वाट पाहून राह्यले! काहून निघत नाही?" काल साखरपुड्याला घातलेला सदरा घालून जावं, तर त्यावर वरणाचा डाग.

मावसाजी शांतपणे उठले. त्यांच्या पिशवीत सुईदोरा कायमचा. मावशीला आहेरात आलेला मरून ब्लाऊजपीस त्यांनी ओढून घेतला. "अवो, तो माहा हाय!" मावशी म्हणाली. "लगन तुह्याच पोराचं हाय ना?" म्हणत त्यांनी टर्रकन पट्ट्या फाडल्या. मग मला उभं ठेवून ते शेरवानीच्या दोन्ही कडांना बंद टाचत गेले. वळायचे, टाचायचे, दोरा दातानं तोडायचे. इतका आनंदी माणूस मी त्या कार्यालयात दुसरा पाहिला नाही. मीसुद्धा तेवढा नव्हतो. शेवटी एकेक जोडी बांधत त्यांनी मोठ्यानं मोजलं, "दहा, बारा. जाय आता!"

मंचावर हार घालताना नवरीनं खालच्या आवाजात विचारलं, "हे काय बांधलं?"

"बाराबंदी."

"सुटन तर नाही ना?"

सुटली नाही. उलट जेवताना चार जणांनी शेरवानी कुठून आणली म्हणून विचारलं. मावसाजी समोर बसून बुंदी खात होते. त्यांनी ओळखसुद्धा दाखवली नाही, फक्त कान लाल झाले.

गेल्या महिन्यात कारंज्याला गेलो. मावसाजींचे हात आता फार थरथरतात. ते खुर्चीत बसले होते आणि मावशी त्यांच्या सदऱ्याची बटणं लावत होती. मी दारातच घुटमळलो. त्यांनी मला पाहिलं, जरा ओशाळले, मग हनुवटी वर करून म्हणाले, "असा काय पाह्यतं? जुने सरदार काय सोताच्या हातानं बंद बांधत होते काय? त्यायले मानसं होते."

"सरदार!" मावशी म्हणाली. "दूध उतू चाललं वाटते." आणि ती आत पळाली.

वरची दोन बटणं राहिली होती. मी पुढे झालो, वाकलो. इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मानेवर किती सुरकुत्या होत्या. ते डोळे मिटून बसून राहिले. पहिलं बटण लागलं. दुसरं काजात सरकवताना त्यांचा हात माझ्या मनगटावर आला.

"सावकाश," ते म्हणाले. "मले कुटी जायाचं हाय आता?"