कालव्यातली तेरा मिनिटं

डोंगरकडा गाव मागं पडून तास झाला होता आणि बाळापूर अजून दिसत नव्हतं. निता सायकल ढकलत पुढं चालली होती, शिला चार पावलं मागं. बाभळीच्या काट्यानं चाक बसलं तेव्हापासून दोघींत धड बोलणं नव्हतं. शिलाच्या पिशवीत निताचे ओले कपडे, एक वही आणि शिलाच्या वडलांचं मनगटी घड्याळ होतं. सारा घोळ त्या घड्याळानं केला होता. खरं तर त्याचा काय दोष? त्यानं आपलं जे होतं ते सांगितलं.

"एकोणतीस," निता एकदम म्हणाली. "तू बराबर पाहिलं ना?"

"दोनदा पाहिलं."

"मग कालव्यातले तेरा कुठं गेले?"

शिलानं पिशवीतली वही चाचपली. त्या वहीतला एकूण एक आकडा तिच्याच हातचा होता.

निता राठोड बाळापूरजवळच्या तांड्यावरची. वडील उत्तमसिंग यांचं थोडं शेत आणि चार म्हशी; आईला ती याडी म्हणायची. सहा वर्षांची असताना म्हशीचं शेपूट धरून ती कालव्यात उतरली आणि पोहायला शिकूनच बाहेर आली. पुढं हिंगोलीला डी.एड.ला शिला आणि ती एका बाकावर आल्या. दुसऱ्या वर्षी, दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर, कॉलेजच्या फळ्यावर कागद लागला. शेजारच्या जिल्ह्यात ट्रायथलॉन होती. आधी साडेसातशे मीटर पोहायचं, तसंच ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, आणि सायकल टाकून पळायचं.

उत्तमसिंगांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तिपेडी शर्यत. एक पेड सैल पडला की सारी वेणी सुटली. जा, पण नाव काढून ये."

शेजारची पारुबाई मात्र रोज विचारायची, "काहून गं, तुला मास्तरीण व्हायला धाडलं का बेडूक व्हायला?"

पहाटे कालवा. एका पुलापासून पुढच्या पुलापर्यंत साडेसातशे मीटर भरायचे, ते शिलानंच पावलांनी मोजलं होतं. निता पाण्यात, शिला तिचे कपडे घेऊन काठानं. निता थांबायची नाही, म्हणून शिलालाही कुठं टेकता यायचं नाही. मग एसटी, कॉलेज, सराव पाठ. एसटीत निता शिलाच्या खांद्यावर झोपायची आणि तिची सराव पाठांची टाचणं मांडीवर उघडी राहायची. एकदा चौथीच्या वर्गात नदीचा पाठ घेत असताना एक लेकरू उठून म्हणालं, "बाई, तुमच्या केसातून पानी गळून राहिलं." निरीक्षक बाईंनी शेऱ्यात लिहिलं, विषयाशी समरस. संध्याकाळी तांड्याच्या रस्त्यानं पळणं. कुत्री मागं लागली की वेग आपोआप वाढायचा.

पोहायला पंचवीस मिनिटांची मुदत होती. मागं राहील त्याला होडीत घेऊन बाहेर काढणार होते. निताचे अठरा झाले, पंधरा झाले, तेरा झाले. तेरा झाले त्या सोमवारी शिला औंढ्याला जाऊन नागनाथाला बेल वाहून आली.

आणि आता शर्यत वीस दिवसांवर आली, तेव्हा निताच म्हणाली होती, शर्यतीचं पोहणं तलावात हाय, एकदा तलावात पोहून बघू. डोंगरकड्याच्या पुढं एक पाझर तलाव होता. बांधाच्या कडेनं तेवढंच अंतर, आणि एकोणतीस मिनिटं.

"मी न्हाई पोहत होते, शिले," चालता चालता निता म्हणाली. "पाणी वाहून राहिलं होतं."

सगळा हिवाळा शिला त्या काठानं चालली होती. निताच्या सोबतीनं पानं वाहत जाताना रोज दिसायची. तिनं मनातल्या मनात हिशेब केला आणि तोंडातून निघूनच गेलं, "नुसतं पान सोडलं असतं तरी ते पंचवीसच्या आत पोचलं असतं."

निता थांबली. शिलाला वाटलं, आता रडते. पण ती हसायला लागली. सायकलवर रेलून हसली. "म्हंजे पान पास, मी नापास!"

मग हसू ओसरलं. "बापूनं टेम्पो सांगितलाय. अख्खा तांडा येणार. याडी धपाटे करून आणणार. आन मला सगळ्यांसमोर होडीत घालून काढतील."

"पुढच्या वर्षी जाऊ."

"पुढच्या वर्षी मी कोणत्या गावच्या शाळेत असंन, कोण सांगावं? हीच एक हाय."

शिलानं मनात नागनाथाचं नाव घेतलं. मागायचं काय ते तिला सुचेना. पाणी वाहतं हे देवाला ठाऊक होतंच, दोघींना नव्हतं.

बाळापूरच्या अलीकडं कालवा लागला. पैलतीरी कुणाची तरी म्हैस पाण्यात उतरली होती. समोरच्या पायऱ्यांवर यायचं, तर तिनं तोंड पायऱ्यांकडं केलंच नाही. वाहत्या पाण्याकडं तोंड धरून, नाक फुरफुरवत, तिरकी तिरकी आली आणि बरोबर पायऱ्यांवर चढली.

निता बघतच राहिली. "मी शेपूट धरून शिकले," ती हळूच म्हणाली, "तिचं डोकं कुठं असतं ते पाहिलंच न्हाई." मग विचारलं, "कालव्याचं पाणी किती दिवस हाय?"

"शेताला पाणी सोडायची पाळी अजून बारा दिवस."

"उद्यापासून उलटी पोहते. पाण्याच्या तोंडाला."

"अगं, एका जागीच राहशील!"

"राहू दे. तुझे पाय तरी वाचतील." सायकल काठाशी टेकवून ती पायरीवर बसली आणि शिलाला हाताला धरून शेजारी बसवलं. "एक मागते. नको म्हणू नको. ती वही आन घड्याळ घरी ठेव. बालमानसशास्त्राचं पुस्तक आण, या पायरीवर बस आन मोठ्यानं वाच. तोंड वर आलं की जेवढं कानात पडंल तेवढं माझं. परीक्षा बी हाय ना." तिनं पाय पाण्यात सोडले. "फकस्त एवढं कर, शिले. मी मागं सरकून राहिले असं दिसलं, तरी वाचायचं थांबू नको."